अक्काच्या चौदा वाकळी : एक प्रकरण अभ्यास

फोन अक्काचा नव्हता, दाजींचा होता. "काल रात्री उशीखाली सुई निघाली बघ. सुई कसली, दाभणच. एकदा ये आन् तुझ्या अक्काला काय ते सांग." मागून अक्काचा आवाज आला, "दाभण नाही ओ, गोधडीची सुई आहे ती. उगं कायतरी सांगू नका तिला."

ही गेल्या श्रावणातली गोष्ट. मी सोलापुरात घरीच शिवणक्लास घेते. कुणाची मशीन टाके सोडते, कुणाचा ब्लाउज बगलेत धरतो, अशा तक्रारी माझ्याकडे रोज येतात. शिवणाचा पसारा आवरायला कुणी बोलावलं, असं मात्र पहिल्यांदाच झालं. म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत टिपत गेले, आणि आता ते टिपण नीट मांडते आहे. अक्काची परवानगी आहे. नाव टाकायचं नाही आणि 'पसारा' हा शब्द कमी वापरायचा, एवढ्याच तिच्या अटी. दुसरी मी आताच मोडली.

अक्का माझी चुलत बहीण. वय ६१, तीन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाली. जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. लेक पुण्याला असते, त्यामुळे एक खोली रिकामी आहे असं दाजी समजतात. अक्काचं लहानपण साखर पेठेत गेलं, वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते, आणि तिची आई, म्हणजे माझी काकू, दरसाल उन्हाळ्याच्या आधी दोन-तीन वाकळी, म्हणजे जुन्या कापडाच्या गोधड्या, शिवून मोकळी व्हायची. अक्काचा हात तिथलाच. तिच्या धावदोऱ्याची ओळ पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ जाते. पस्तीस वर्षं नोकरीत गेली, आणि निवृत्त झाल्यावर वाकळीच शिवायच्या, हे तिचं आधीपासून ठरलेलं होतं.

तीन वर्षांत पुऱ्या झालेल्या वाकळी : एक. तीही लेकीच्या लग्नातल्या रुखवताला ठेवलेली, निवृत्तीच्या आधी सुरू केलेली.

मोजदाद

रविवारी सकाळी गेले आणि अक्काला म्हटलं, जिथं जिथं कापड आहे ते सगळं हॉलमध्ये आण. ती एकेक काढत गेली. दिवाणातून तीन बोचकी. माळ्यावरून लोखंडी ट्रंक. मशीनच्या पायाजवळची दोन पोती. रिकाम्या म्हणवणाऱ्या खोलीतल्या कपाटाचे खालचे दोन कप्पे. शेवटी ती गॅलरीत गेली आणि कूलरचं मागचं दार काढून आतून एक गाठोडं बाहेर ओढलं. "पावसाळ्यात कूलर रिकामाच असतो की," ती म्हणाली. दाजी पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली केला नाही.

अर्धवट वाकळी तेरा निघाल्या. चौदावी कुठून आली ते पुढे सांगते, कारण तिला मीच जबाबदार आहे.

कापड तीन जातीचं होतं, आणि ते वेगवेगळं करणं हे त्या दिवशीचं खरं काम. पहिली जात घरची : काकूंच्या नऊवारी, इरकली, काकांची धोतरं, विरलेल्या सोलापुरी चादरी. हे कापड धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं असतं की सुई आपण होऊन आत जाते. आटायचं तेवढं आटलेलं, रंग जायचा तेवढा गेलेला, त्यामुळे त्याचा भरवसा धरता येतो. फक्त चादरीबद्दल सांभाळून. सोलापुरी चादर जकार्डवर दुहेरी विणीत निघते, जाड असते. वाकळीच्या पोटात, म्हणजे मधल्या थरांत, तिचा एक थर ठीक, दोन घातले तर बोटं फुटतात. अक्काने एकीत दोन घातले होते. ती वाकळ तिथंच थांबली होती.

दुसरी जात नव्या सुती कटपीसची, चाटी गल्लीतून आणि नवी पेठेतून वेळोवेळी आणलेली. सुंदर कापड, पण कोरं. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि गडद रंग सोडतं. ते धुवायच्या आधी जुन्या कापडाशेजारी जोडलं तर पहिल्या धुण्यानंतर वाकळीला सुरकुत्यांची खळी पडते आणि लाल शेजारच्या पांढऱ्यावर उतरतो. अक्का मिठाच्या पाण्यात भिजवत होती. आमच्याकडे सगळ्याच भिजवतात. मिठाने तयार कापडाचा सुटणारा रंग पक्का होत नाही; सुटणारा रंग दोन-तीन धुण्यांत काढूनच टाकावा लागतो. परीक्षा सोपी आहे : पांढऱ्या सुती चिंधीला ओलं करायचं, रंगीत तुकड्यावर ठेवायचं आणि वरून गरम इस्त्री दाबायची. चिंधीवर डाग उतरला की तो तुकडा पुन्हा बादलीत.

तिसरी जात खास सोलापूरची. इथं शिवलेले शाळेचे गणवेश राज्यभर आणि राज्याबाहेर जातात, त्यामुळे गणवेशाच्या कापडाची कात्रणं ज्याला हवी त्याला पोत्याने मिळतात. अक्काच्या शेजारणीचा मुलगा अशाच एका युनिटमध्ये कटिंगला आहे. त्याने हौसेने पोतं आणून दिलं. गडद निळा, मरून, राखाडी, चौकडीचे तीन-चार प्रकार. अर्ध्या महाराष्ट्राच्या शाळा त्या पोत्यात भरल्या होत्या. दिसायला छान, आणि फुकट. पण त्यातलं बरंचसं पॉलिएस्टर मिसळलेलं असतं. अक्काचा विश्वास बसेना म्हणून गॅलरीत ताटली ठेवून चिमट्यात एकेक दोरा धरून जाळून दाखवला. धोतराचा दोरा कागदासारखा जळला, बोटांत चुरला तर भुरभुरीत राख. गणवेशाचा दोरा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळी कडक गुठळी राहिली. "म्हणजे ही वाकळ घाम टिपायची नाही," अक्का म्हणाली. सोलापूरच्या माणसाला याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही.

माझी पहिली चूक

मी शिवणक्लासवाली. माझ्याकडे दोऱ्याची रिळं रंगाने लावलेली असतात, बटणं आकाराने. म्हणून मी अक्कालाही तेच केलं. बारा पारदर्शक प्लास्टिकचे डबे आणले आणि दोन दिवस बसून सगळं कापड रंगाने लावून दिलं : लाल-मरून, पिवळा-केशरी, निळा, हिरवा. अर्धवट वाकळींच्या घड्या दोन डब्यांत. लहान-मोठ्या चिंध्यांना वेगळा डबा. फोटो काढण्याजोगं दिसत होतं, आणि मी काढलाही.

पंधरा दिवसांनी अक्काचा फोन. "अगं, ते डबे बघून मला एक सुचली. पिवळा आन् निळा शेजारी ठेवला ना तू, तिथंच सुचली." ही चौदावी. तिने शहाण्णव चौकोन कापूनसुद्धा ठेवले होते.

रंगाने लावलेलं कापड नवं काही सुचवतं. दुकानात म्हणूनच तसं लावतात. अडलेली वाकळ पुढे सरकवायला त्याचा काडीचा उपयोग नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. त्यात मधे गौरी-गणपती आले. गौरींना हॉल हवा, पाहुण्यांना खोली हवी. डबे दिवाणाखाली जाईनात, कारण ते चार बोटं उंच होते. एका दुपारी बारा डब्यांतलं सगळं परत पोत्यांत गेलं, आणि रिकाम्या डब्यांत फराळाचं सामान भरलं गेलं. मी गौरीच्या जेवायला गेले तेव्हा पिवळ्या-केशरीच्या डब्यात करंज्या होत्या.

मी चिडले नाही म्हटलं तर खोटं होईल.

वहीतलं पान

पितृपंधरवड्यात माझ्या क्लासला गिऱ्हाईक कमी. एका दुपारी पुन्हा अक्काकडे गेले आणि या वेळी कापडाकडे बघितलंच नाही. प्रत्येक वाकळीची घडी उलगडायची आणि एकच प्रश्न विचारायचा : हिच्यावरचं शेवटचं काम कुठलं? वहीत चौदा ओळी आखल्या.

दहा वाकळींपुढे एकच उत्तर आलं. वरचा थर तुकडे जोडून पुरा, इस्त्रीसुद्धा केलेली, पुढे काही नाही. दोन वाकळी अर्ध्यामुर्ध्या टाके घालून राहिलेल्या; त्यातली एक ती दोन चादरींची, आणि तिच्यात सुई तशीच अडकून गंजली होती. सुईभोवती रुपयाएवढा तपकिरी डाग. (लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवला, फिकट झाला, गेला नाही.) एक गणवेशाची, जोडता जोडता सोडलेली. आणि एक नुसते शहाण्णव चौकोन.

चौदापैकी दहा जणी एकाच दारात उभ्या होत्या. दाराच्या पलीकडचं काम म्हणजे थर लावणं.

ज्यांनी वाकळ शिवलेली नाही त्यांच्यासाठी हे जरा जवळून सांगते, कारण सगळं प्रकरण इथं आहे. जमीन झाडून, पुसून, कोरडी करायची. अस्तर, अक्काकडे मांजरपाट, उलट्या बाजूने पसरायचं आणि कडा ताणून, पण खेचून नव्हे, फरशीला चिकटपट्टीने बसवायच्या. काकू चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि दोन भरलेले तांबे ठेवायची. त्यावर पोट. नऊवारीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंच. ६० बाय ९० इंचांच्या वाकळीला तिचे वाकळीच्या लांबीचे तीन तुकडे निघतात, आणि ते शेजारी-शेजारी लावून जेमतेम दोन थर होतात. काठ आधी कापून बाजूला, ते सुईला नडतात. एका थराचा जोड दुसऱ्या थराच्या जोडावर येऊ द्यायचा नाही, नाहीतर तिथं वळकटी लागते. मग वरचा थर. मग तळहाताने मधून कडेकडे निपटत जायचं, आणि वीत-वीत अंतरावर कच्चे टाके, तेही मधून बाहेर. कडेकडून आत आलं की मधोमध कापड फुगतं, आणि तो फुगा शेवटपर्यंत जात नाही.

आणि पंखा बंद. चालू पंख्याखाली विरलेली नऊवारी जमिनीवर ठरत नाही.

याला दोन तास लागतात. त्यानंतर येतात ते टाके. इंचाइंचावर ओळ धरली तर ६० ओळी, प्रत्येक ९० इंचांची, म्हणजे ५४०० इंच, जवळजवळ १३७ मीटर धावदोरा. अक्काला एक ओळ वीस मिनिटं घेते. वाकळीला वीस तास. ती हे वीस तास आनंदाने बसते, टीव्हीवरची मालिका ऐकत, बघत नाही. म्हणजे वीस तासांच्या कामाला तिची ना नव्हती. दोन तासांच्या कामापाशी तिची तीन वर्षं अडली होती.

मी म्हटलं, "हॉल रिकामा मिळत नाही म्हणून ना?" अक्का हो म्हणाली. मीही वहीत 'जागा' असं लिहिलं. त्या दोन टाके घातलेल्या वाकळी मात्र मला गप्प बसू देईनात. त्यांचे थर कधी लागले होते? अक्का आठवून म्हणाली, "दिवाळीला. दोन्ही दिवाळ्यांना लेक आलती तेव्हा." दिवाळीत तर हॉल सगळ्यात भरलेला असतो.

चहा ठेवायला अक्का उठली. जमिनीवरून उठताना तिने आधी एक तळहात टेकला, मग दिवाणाची कड धरली, मग थांबली, मग उठली. दाजी पेपराआडून म्हणाले, "डॉक्टरने मांडी घालून बसायला नको म्हणून सांगितलंय. सांगते का कुणाला?"

वहीतलं 'जागा' खोडून मी 'गुडघे' लिहिलं. मग त्याच्याखाली 'हात' लिहिलं. साखर पेठेत काकू वाकळ घालायची म्हणजे दुपारी जेवणं झाल्यावर चार-पाच बायका अंगणात यायच्या, चार कोपरे चौघी धरायच्या, बोलता बोलता थर लागून कच्चा दोरा पडायचा, आणि मग घरोघरी आपापल्या. मी स्वतः लहान असताना त्या वाकळीवर मधोमध बसवली गेले आहे, वजन म्हणून. काकू एकटीने कधीच थर लावले नव्हते. अक्का तेच काम तिसऱ्या मजल्यावर, दार लावून, दुखऱ्या गुडघ्यांनी एकटी करू बघत होती, आणि जमत नाही म्हणून दर वेळी जे जमतं ते करत होती : नवा वरचा थर जोडायला घेत होती.

दुसरी मांडणी

डबे गेले, अभ्रे आले. प्रत्येक वाकळीला एक जुना उशीचा अभ्रा. त्यात त्या वाकळीचं सगळं : वरचा थर, पोटासाठी ठरवलेल्या साड्या, अस्तर, दोरा. अभ्रा दिवाणात दाबून बसतो, हवा खेळते, कसर लागायची भीती कमी, आणि गौरी आल्या तर उशी म्हणून गादीवर टाकता येतो. जुन्या पांढऱ्या परकराच्या पट्ट्या फाडून प्रत्येक अभ्र्याच्या तोंडाला बांधल्या. पट्टीवर न पुसणाऱ्या पेनाने लिहिलं. एक पट्टी अशी :

६० × ९०. वरचा थर तयार. पोट : इरकल १, धोतर १. अस्तर : नाही.

शेवटचा शब्द महत्त्वाचा. दहापैकी सहांना अस्तरच नव्हतं. नुसत्या घड्या बघून ते कधी लक्षात आलं नसतं. एका फेरीत सहा अस्तरांचं मांजरपाट आणलं, धुतलं, वाळवलं.

अभ्रे रंगाने नाही, पायरीने ठेवले. कापायच्या-जोडायच्या वाकळी मशीनजवळ, थर लावायच्या दिवाणात, आणि टाके घालायची एकच वाकळ बाहेर, अक्काच्या खुर्चीशेजारी, अंगुस्तान आणि मेणाच्या तुकड्यासकट. बाकी सुया एका डबीत, मोजून. रोज रात्री मोजायच्या, हे दाजींनी स्वतःकडे घेतलं. एक हाती घेतलेलं पुरं केल्याशिवाय दुसरं हाती घेऊ नये, असं शिस्तीची माणसं सांगतात. हातकाम करणाऱ्याला ते लागू पडत नाही असं माझं मत आहे. मशीनवरचं काम दिवसा उजेडात होतं, टाक्यांचं काम संध्याकाळी. दोन्ही एकाच वाकळीवर कशी होणार? अक्काला तीन पायऱ्यांवर तीन वाकळी लागतात. चौदा लागत नाहीत.

थर लावायला माझ्या क्लासच्या मुली. तिघी आल्या, वय वीस-बावीस, गुडघे कोरे करकरीत. बदल्यात अक्काने त्यांना हाताचा धावदोरा शिकवायचा, सुईवर एकदम पाच-सहा टाके कसे घ्यायचे, दोरा हाताच्या लांबीपेक्षा मोठा का घ्यायचा नाही, ते सगळं. क्लासमध्ये मी हे शिकवत नाही, मला स्वतःलाच तितकं चांगलं येत नाही.

दिवस ठरवताना सोलापूरचं पाणी आडवं आलं. आमच्याकडे नळ रोज येत नाही. पाणी येतं त्या दिवशी अक्काचं घर पाण्याच्या मागे असतं. हॉलमध्ये बादल्या, पिंपं, ओली पावलं. तो दिवस थर लावायला कामाचा नाही, पण पोटाच्या साड्या आणि मांजरपाट धुवायला तोच दिवस लागतो. म्हणून ठरलं असं : पाण्याच्या दिवशी धुणं, एक दिवस वाळवण-इस्त्री, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला थर. सहाला, कारण पंखा बंद ठेवायचा होता आणि दसऱ्यानंतरचं ऊन आठ वाजताच खिडकीत येऊन बसतं.

पहिल्या दिवशी अक्का खुर्चीवर बसून सांगत होती आणि मुली जमिनीवर. "आगं काय करलालीस? ओढू नको, निपट. हात चपटा ठेव." पाऊण तास ती शाळेतलीच बाई झाली होती. एकदा न राहवून खाली उतरली आणि परत उठवायला दोघी लागल्या. सव्वाआठपर्यंत दोन वाकळींचे थर लागून कच्चे टाके पडले. मग कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. मुलींना त्यासाठीच परत यायचं होतं.

मधे बिघडलेलं

शहाण्णव चौकोनांची गंमत. ६० बाय ९० करायचं, रुंदीत ८, लांबीत १२, म्हणजे चौकोन साडेसात इंचांचा. अक्काने साडेसातच कापले. शाळेत गणित शिकवलेली बाई! शिवणीत चारही बाजूंनी पाव-पाव इंच जाणार, म्हणून आठचा कापायला हवा होता. सगळे जोडून झाल्यावर पट्टी लावली तर ५६ बाय ८४. दोन दिवस ती वाकळीशी बोलली नाही. मग इरकलींचे कापून ठेवलेले काठ बाहेर निघाले. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच, वर-खाली तीन-तीन. आता सगळ्यात देखणी तीच दिसते, आणि काठ आधीपासून मनात होता असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मी काही बोलत नाही.

जानेवारीत गाडं थांबलं. संक्रांत, हळदीकुंकू, सिद्धेश्वराची यात्रा; गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेला, जायचं म्हणून मुली आल्याच नाहीत आणि मला त्यांना बोलावायचा धीर झाला नाही. त्या महिन्यात एकटीने थर लावायची एक रीत करून बघितली. अस्तर एका पडद्याच्या दांडीवर आणि वरचा थर दुसऱ्या दांडीवर गुंडाळायचा, जेवणाच्या टेबलावर हातभर उलगडायचा, मधे पोट, कच्चे टाके, मग पुढचा हातभर. खुर्चीवर बसून होतं. छत्तीस इंचांचं दुपटं छान झालं. मोठ्या वाकळीत मात्र पोटाच्या सुट्या साड्या टेबलाखाली लोंबतात, ओढल्या जातात आणि आत घडी पडते. अक्काने अर्ध्यात सोडून कच्चे टाके उसवले. पोट एकसंध असेल तर रीत चालेल. जुन्या साड्यांच्या पोटाला नाही.

गणवेशाची वाकळ हा वेगळाच वाद. मी म्हटलं, टाकून दे. ती म्हणाली, जोडलेलं कापड टाकवत नाही. मशीन त्यावर टाके सोडत होती, सुई १४ नंबरची बदलून १६ नंबरची लावली तेव्हा सुधारली, पण हाताने त्या कापडात टाका घालणं म्हणजे शिक्षा. दीड महिना आम्ही त्यावर भांडलो. शेवटी दाजींनी तिची दुचाकीवर टाकायची झूल करून मागितली. आमच्या धुळीत तिचं रोज काम पडतं.

पाडव्याला

पाडव्याला वही पुन्हा उघडली. पाच वाकळी पुऱ्या. पाचांचे थर लागलेले, त्यातल्या दोन टाक्यांवर. एक खुर्चीशेजारी, आणि दुसरी माझी एक मुलगी अक्काकडून शिकत स्वतःच्या घरी घालते आहे. थर लावायच्या तीन उरल्या, काठवाली धरून. एक झूल झाली. नवी एकही सुरू नाही. अक्का म्हणते सुचलेली आहे, पण ती कागदावर आहे.

एक अडचण उरली आहे आणि तिच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या तिघींपैकी एकीचं लग्न ठरलं, दुसरी नोकरीला लागली. शेजारच्या दोघी बायकांना अक्काने विचारलं, त्या हसून हो म्हणाल्या आणि आल्या नाहीत. तीन वाकळींपुरतं मी सांभाळीन. आता ऊन ४० च्या पुढे गेलंय, मांडीवर चार थर घेऊन कुणी बसत नाही. चैत्र-वैशाखात सकाळी कापायचं, जोडायचं, आणि मृग लागला की पुन्हा सुई.

बारा डब्यांपैकी तीन अक्काने मला परत दिले. बाकीचे देत नाही. परवा गेले तेव्हा पिवळ्या-केशरीच्या डब्यात ज्वारी होती, निळ्यात शेंगदाणे, आणि झाकणावर माझ्या अक्षरातली पट्टी अजून तशीच : 'लहान चौकोन, निळे.'